‘चूक’ की ‘कसूर’? न केलेल्या भल्याचा शब्द

खानापूरच्या एक ताई चर्चसाठी मराठी प्रार्थनेचं पत्रक तयार करत आहेत. पापकबुलीच्या प्रार्थनेत विचाराने, शब्दाने, कृतीने यांच्यापुढे लॅटिनमध्ये ‘ओमिस्सिओने’ येतं, म्हणजे जे करायला हवं होतं ते न केल्याने. त्याला मराठीत ‘अकरण’ म्हणावं, ‘चूक’ की ‘कसूर’, असं त्यांनी विचारलंय. त्यांच्या यजमानांना ‘कसूर’ हा निलंबनाच्या नोटिशीतला शब्द वाटतो.

ताई, माझा कौल ‘कसूर’ला. पण ‘चूक’ मला सहजासहजी सोडवत नाही, म्हणून आधी तिच्याबद्दल.

‘चूक’ म्हटलं की हातून घडलेली गोष्ट डोळ्यांपुढे येते. हिशेबातली चूक, बोलण्यातली चूक. ‘चुकणे’ या क्रियापदात मात्र न घडणंही शाबूत आहे. नेम चुकतो, गाडी चुकते, काळजाचा ठोका चुकतो. आपल्या भागातल्या दुसऱ्या भाषेतही अगदी हेच आहे: कन्नडमध्ये ‘तप्पु’ म्हणजे चूक, आणि ‘बस तप्पितु’ म्हणजे बस चुकली. बायबलच्या मूळ भाषांतले पापाचे शब्दही याच वळणाचे. ग्रीक ‘हमार्तिया’च्या मुळाशी नेम चुकणं आहे. हिब्रूत ज्या धातूने पाप करणं सांगतात, तोच धातू शास्ते 20:16 मध्ये 700 डावखुऱ्या गोफणवाल्यांसाठी आलाय: केसावर दगड मारला तरी ते चुकत नसत. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्याच पानावर होतो. इतक्या दूरच्या भाषा, आणि शब्द आपल्या अंगणातला.

‘चुकवणे’ तर आणखी जवळचा. लूकच्या शुभवर्तमानाच्या 10 व्या अध्यायातले याजक (पुरोहित) आणि लेवी (मंदिराचा सेवेकरी) आठवा. यरीहोच्या वाटेवर लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेला माणूस पडलाय. या दोघांनी त्याला मारलेलं नाही, लुटलेलं नाही. त्याला पाहिलं आणि रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने निघून गेले. आपण म्हणू, नजर चुकवून गेले.

मग ‘चूक’ का नको? कारण तिच्यामागोमाग ‘चुकून’ येतं. चुकून झालं, म्हणजे ध्यानात नसताना झालं. याकोबाच्या पत्रात (4:17) अट बरोबर उलटी आहे: चांगलं काय ते कळत असून जो करत नाही, त्याला ते पाप. त्या ‘कळत असून’ची धार ‘चूक’ बोथट करते.

‘अकरण’ पंडिती आहेच, पण अडचण त्याहून मोठी. आपल्या शास्त्रग्रंथांत नित्यकर्म न करण्याला अकरण म्हणतात आणि त्याने लागणाऱ्या दोषाला प्रत्यवाय. तिथे कर्म आधीच नेमून दिलेलं असतं, संध्या किंवा अग्निहोत्र. यरीहोच्या वाटेवरचं काम कोणी नेमून दिलेलं नव्हतं. ते वाटेत समोर आलं.

तुम्ही न विचारलेला एक शब्द मला जास्त छळतो: ‘राहून गेलं’. आपण दिवसातून दहा वेळा म्हणतो, ‘राहूनच गेलं की ओ.’ या वाक्यात करणाराच नाही. मागच्या पावसाळ्यात बेळगावच्या बसस्थानकावर एका म्हातारीने मला विचारलं, ‘बाबा, खानापूरची गाडी ही काय ओ?’ हातातली पिशवी भिजलेली, तिच्यात औषधाची बाटली. पाटी कन्नडमध्ये होती. मला कन्नड वाचता येतं. ती गाडी धारवाडची होती आणि खानापूरची चार गाड्या पलीकडे उभी होती. माझी गाडी सुटत होती. मी नुसता हात हलवला, ‘पुढं, पुढं’ म्हणालो आणि चढलो. खिडकीतून पाहिलं तर खानापूरची गाडी फाटकाबाहेर पडत होती आणि म्हातारी तिथेच उभी. रात्री घरी सांगताना मी म्हणालो, ‘तिला नीट सांगायचं राहून गेलं.’ राहून गेलं नव्हतं. पाटी मी वाचली होती.

त्या संध्याकाळीला मला ‘कसूर’च लागतो. अरबी ‘कुसूर’ म्हणजे उणं पडणं, तोकडं राहणं. (आपला ‘कसर’ वेगळा, तो तोडणं, तुकडा या अर्थाच्या ‘कस्र’वरून आला.) हिंदीत कसूर म्हणजे सरसकट गुन्हा. मराठीने तोकडं पडण्याचा अर्थ जपला: ‘पाहुणचारात कसूर ठेवली नाही’ असं आपण कौतुकाने म्हणतो. जे देता आलं असतं त्यात कमी पडणं, हे या शब्दाला नेमकं माहीत आहे.

यजमानांचा आक्षेप खरा आहे, पण तो ‘कर्तव्यात कसूर’ या जोडीवर आहे. ती जोडी बातम्यांनी झिजवली. ‘कर्तव्य’ काढा, शब्द पुन्हा घरचा होतो. पत्रकात असं छापून पाहा: ‘विचाराने, शब्दाने, कृतीने, आणि जे भलं करायचं मला कळत होतं त्यात कसूर करून, मी पाप केलं आहे.’

कुणी जुनं प्रार्थनापुस्तक आणून दाखवलं आणि त्यात विचार, शब्द, कृती एवढंच असलं, तर ती छपाईतली गळती नाही. ‘ओमिस्सिओने’ लॅटिन पाठात 1970 च्या मिस्सलपासून, म्हणजे कॅथलिक उपासनेच्या पुस्तकापासून, आलं. आणि कसूर स्त्रीलिंगी आहे, तेव्हा कुठे ‘कसूर केला’ छापलं जाणार नाही एवढं पाहा.