जंगल कार्बन किती घेतं आणि पाणी किती सोडतं, हे गावातल्या लोकांना कसं समजावून सांगायचं?

तुम्ही लिहिलंय की एमएस्सीचा प्रोजेक्ट फ्लक्स टॉवरच्या, म्हणजे जंगल आणि हवा यांच्यातली कार्बन डायऑक्साइडची आणि वाफेची ये-जा मोजणाऱ्या उंच मनोऱ्याच्या डेटावर आहे, मे महिन्यात देवगडला गावी जाऊन त्यावर बोलायचंय, पण कार्बन म्हटलं की लोक गप्प होतात. मी सिंधुदुर्गातच हायस्कूलला सायन्स शिकवतो, बावीस वर्षं झाली, म्हणून लिहितोय.

कार्बनपासून सुरुवातच करू नका, पाण्यापासून करा. कार्बन कोणी डोळ्यांनी बघितलेला नाही, पण एप्रिलमध्ये विहिरीचा तळ दिसायला लागला की काय होतं ते आपल्याकडे लहान पोरालाही माहिती आहे. आणि ही काही लोकांना गोळा करायची युक्ती नाही, विज्ञानच तसं आहे. पानाला बारीक तोंडं असतात, त्यातून कार्बन डायऑक्साइड आत येतो आणि तीच तोंडं उघडी असताना पाण्याची वाफ बाहेर पडते, दार एकच. कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू मिळवायला झाडाला पाण्याचे शेकडो रेणू घालवावे लागतात. त्यामुळे पाण्याचं बोललात की कार्बनचं आपोआप येतंच.

मी काय करतो सांगतो. सकाळी आठला शाळेमागच्या काजीच्या फांदीला पारदर्शक प्लास्टिकची पिशवी घालून तोंड सुतळीने घट्ट बांधतो. दुपारच्या सुट्टीपर्यंत पिशवी आतून धुरकट होते, थेंब ओघळून खालच्या कोपऱ्यात दोनेक चमचे पाणी जमतं. एकदा आठवीतला एक मुलगा म्हणाला सर हे हवेतलं दमटपण असेल, आपल्याकडे हवा दमटच असते. एकदम बरोबर शंका! मग दुसऱ्या दिवशी तशीच एक पिशवी वाळक्या काठीला पण बांधली, ती कोरडी राहिली. हे दोन पिशव्यांचं एवढं केलंत तरी तुमच्या अर्ध्या स्लाइड लागणार नाहीत.

पालक सभेला हेच दाखवलं तेव्हा एका मुलीची आजी पिशवी हातात घेऊन बराच वेळ बघत होती, मग म्हणाली, “मास्तरानू, म्हणजे आमच्या बावीचा पाणी ह्योच काजी पितत?” मला पटकन उत्तर देता आलं नाही, कारण झाडं पाणी ओढतात हे खरं, पण त्यांची सावली आणि पालापाचोळा पावसाचं पाणी जमिनीत मुरवतो हेही खरं, आणि आपल्या जांभ्यातून मुरलेलं पाणी पटापट खाली व्हाळाकडे, म्हणजे ओढ्याकडे निघून जातं ते वेगळंच. यातलं कुठलं भारी ते मोजल्याशिवाय कळत नाही. तुमचा टॉवर नेमका इथे येतो बघा, त्या आजीच्या प्रश्नानंतर, आधी नाही.

आता टॉवर. गणपतीला गावात किती चाकरमानी आहेत हे कळायला घरोघरी जायची गरज नाही, एसटी स्टँडवर बसून किती उतरले आणि किती परत गेले ते मोजलं तरी पुरतं. टॉवर तेच करतो. वारा जंगलावरून सरळ जात नाही, भोवरे घेत वर-खाली होत जातो, आणि टॉवरवरची यंत्रं सेकंदाला दहा-वीस वेळा बघतात की वर जाणाऱ्या हवेत कार्बन डायऑक्साइड आणि वाफ किती, खाली येणाऱ्या हवेत किती. दिवसा खाली येणाऱ्या हवेत कार्बन डायऑक्साइड जास्त सापडतो आणि वर जाणाऱ्या हवेत कमी, मधला फरक जंगलाने ठेवून घेतला.

आणि चाकरमान्यांसारखंच, कोण किती दिवस राहतं तेही महत्त्वाचं. पानात गेलेला कार्बन दीड दिवसाच्या गणपतीसारखा, पान गळलं कुजलं की परत हवेत. खोडात गेला तो वर्षानुवर्षं टिकतो. आणि खाडीतल्या कांदळवनाच्या चिखलात गाडला गेलेला तर शेकडो वर्षं. सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या वेळी लोकांना खाडीवर न्याच, तिवराचं पान जिभेला लावायला सांगा, खारट लागतं, झाड मीठ पानावाटे बाहेर टाकतं. मग काळा चिखल हातात घ्या, कुजक्या अंड्यासारखा वास येतो, कारण आत ऑक्सिजन नाही, म्हणून मेलेली मुळं लवकर कुजत नाहीत आणि कार्बन तिथेच राहतो. २०२० मध्ये पांढरी चिपी आपल्या राज्याचा कांदळवृक्ष झाली, हे सांगितलं की खाडीकाठच्या लोकांना खरंच बरं वाटतं. आपल्या देशात सुंदरबन आणि तमिळनाडूतल्या पिचावरमच्या कांदळवनात असे टॉवर लावून मोजमाप झालंय, तेही सांगा.

एक मात्र कराच, “झाडं ऑक्सिजन देतात” एवढ्यावर थांबू नका, अर्धं सांगितलेलं नंतर अंगाशी येतं. झाडंही दिवसरात्र श्वास घेतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात, मातीतले जीवही चोवीस तास तेच करतात. मृगाचा पहिला पाऊस तापलेल्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर पडला की जो वास येतो तो सगळ्यांना माहिती आहे, पण त्याच वेळी कोरड्या मातीतले जिवाणू जागे होऊन कार्बन डायऑक्साइडचा एक मोठा लोट बाहेर सोडतात, बर्च नावाच्या शास्त्रज्ञाने १९५८ मध्ये यावर लिहिलं होतं, आजही टॉवरच्या डेटात तो लोट उठलेला दिसतो. तुमच्याकडे असा ग्राफ असेल तर तो एकच दाखवा, मोठा प्रिंट काढून, प्रोजेक्टर नको. आणि मुसळधार पावसात टॉवरवरच्या यंत्राच्या काचेवर थेंब बसले की त्याचं वाचन बिघडतं, ग्राफमध्ये मोकळी जागा राहते, ती लपवू नका. आमच्याकडे एकदा एका संस्थेचे लोक येऊन दीड तास इंग्रजी स्लाइड दाखवून गेले, त्यात सगळ्या रेषा अखंड होत्या, आणि पावसात काम करणारे आमचे लोक एकमेकांकडे बघत होते.

पिशवी बांधायला कलमाची नको, काजीची फांदी घ्या, मे महिन्यात आंब्याला कोणी हात लावू देणार नाही. सकाळी बांधा आणि संध्याकाळी देवळात बोलवा, विहिरी खाली गेलेल्या असतात, चाकरमानी पण आलेले असतात, आणि पिशवी बोलायला सुरुवात करायच्या आधीच पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बायकांच्या हातात द्या.