गाडी मोडीत, नोंद मात्र जिवंत: जुन्या वाहनांविषयी वाचकांचे प्रश्न

जुनी आणि प्रदूषण करणारी वाहने मोडीत काढण्याचे केंद्र सरकारचे धोरण फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पात सूचित झाले आणि त्याच वर्षी १३ ऑगस्टला पंतप्रधानांच्या हस्ते त्याचा प्रारंभ झाला. त्याला आता काही वर्षे लोटली, तरी आमच्याकडे येणाऱ्या पत्रांवरून धोरणापेक्षा त्याविषयीच्या अफवाच अधिक दूरवर पोहोचल्याचे दिसते. निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहोत.

माझी पेट्रोल मोटार जून २०१० मध्ये साताऱ्यात नोंदलेली आहे. पंधरा वर्षे पूर्ण झालेली वाहने सरकार जप्त करून भंगारात घालणार, असा संदेश आमच्या व्हॉट्सॲप गटावर फिरत आहे. नोंदणीची मुदत संपली आहे. गाडी सुस्थितीत आहे. मी काय करावे?
(एक निवृत्त शिक्षक, सातारा)

महाराष्ट्रात केवळ वय झाले म्हणून खासगी मोटार मोडीत काढावी लागत नाही. मोटार वाहन कायद्यानुसार खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते आणि त्यानंतर वाहन तपासणीत योग्य ठरल्यास ती पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. २०२१ चे धोरणही ऐच्छिक म्हणूनच मांडले गेले. खासगी वाहनांसाठी वीस आणि व्यावसायिक वाहनांसाठी पंधरा वर्षे हे आकडे अर्थसंकल्पात आले ते तपासणीच्या संदर्भात. संदेश पुढे ढकलणाऱ्यांनी त्यातली तपासणी गाळली आणि वर्षे तेवढी ठेवली.

सक्ती खरोखर आहे ती सरकारी वाहनांवर. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण होत नाही आणि त्यातून संरक्षण व कायदा-सुव्यवस्थेसाठीची विशेष वाहने तेवढी वगळली आहेत. दिल्ली आणि भोवतालच्या राजधानी क्षेत्राची गोष्ट आणखी वेगळी आहे. तेथे दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल वाहनांना राष्ट्रीय हरित लवादाने मनाई केली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. वाहिन्यांवर दिसणारी जप्तीची दृश्ये बहुतांशी तिकडचीच असतात.

आपण मुदत संपू दिलीत, ही मात्र खर्चाची बाब ठरेल. नूतनीकरणाचा अर्ज नमुना २५ मध्ये, मुदत संपण्यापूर्वीच्या साठ दिवसांत करायचा असतो. उशीर झाल्यास मोटारीसाठी दरमहा ५०० रुपये जादा पडतात. पूर्वी ६०० रुपयांत होणारे हे काम एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपयांचे झाले आणि ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने वीस वर्षांवरील मोटारींसाठी ते १०,००० रुपयांवर नेले. राज्याचा पर्यावरण कर निराळा. सक्ती नसली तरी जुनी गाडी बाळगणे दर टप्प्यावर महाग करत न्यायचे, हा सरकारचा विचार या आकड्यांतून उघड दिसतो. गाडी क्वचितच बाहेर निघत असेल, तर भरावी लागणारी एकूण रक्कम आणि गाडीला बाजारात येणारी किंमत शेजारी शेजारी लिहून पाहावी. तोवर ती रस्त्यावर आणू नये, कारण नोंदणीची मुदत संपलेल्या गाडीला अपघात झाल्यास विमा कंपनीला दावा नाकारायला आयते निमित्त मिळते.

प्रदूषण हाच हेतू असेल, तर वयाचा निकष कशासाठी? माझी २०११ ची डिझेल मोटार दर वेळी पीयूसी तपासणीत उत्तीर्ण होते.
(एक वाचक, पुणे)

आपला आक्षेप निम्मा योग्य आहे. वाहनांच्या धुरावर मर्यादा घालणारे भारत स्टेज चार हे मानक देशभर १ एप्रिल २०१७ पासून लागू झाले, परंतु मुंबई, पुणे आणि सोलापूर यांसह तेरा शहरांत ते २०१० मध्येच आले होते. त्यामुळे २०११ मध्ये पुण्यात नोंदलेली आपली मोटार स्टेज चारची असणार, तर त्याच वर्षी साताऱ्यात विकली गेलेली मोटार स्टेज तीनची असू शकते. वय एकच असले तरी धूर वेगळा. दिल्लीच्या प्रकरणातही न्यायालयाला शेवटी येथेच यावे लागले. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवळ वयावरून कारवाई करू नये असे सांगून जुन्या वाहनांच्या मालकांना सरसकट दिलासा दिला होता, तो डिसेंबरमध्ये स्टेज चार आणि त्यापुढील वाहनांपुरता मर्यादित केला. आमच्या मते हा निकष धोरणात पहिल्या दिवसापासून असायला हवा होता.

उरलेला निम्मा भाग पीयूसीचा. डिझेल गाडीच्या पीयूसी तपासणीत धुराचा दाटपणा मोजला जातो. नायट्रोजनची ऑक्साइडे आणि डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म कण त्या नळीच्या आवाक्याबाहेर राहतात, आणि फुप्फुसांना मुख्य धोका त्यांचाच आहे. स्टेज चारच्या डिझेल मोटारीला दर किलोमीटरला २५ मिलिग्रॅम कण सोडण्याची मुभा होती. एप्रिल २०२० पासूनच्या स्टेज सहामध्ये ती मर्यादा ४.५ मिलिग्रॅम झाली. कितीही निगुतीने सांभाळली तरी कण अडवणारी गाळणीच नसलेली गाडी हे अंतर भरून काढू शकत नाही. तेव्हा पीयूसीचा कागद गाडी स्वच्छ असल्याचा दाखला समजू नये.

माझा २०१२ चा छोटा टेम्पो आहे. कांदा बाजार समितीत नेणे आणि हंगामात द्राक्षाच्या पेट्या वाहणे, एवढे काम तो आजही करतो. मोडीत काढला तर सरकार किती पैसे देते?
(एक टेम्पोमालक, निफाड)

सरकार स्वतः रोख रक्कम देत नाही. पैसे देते ते नोंदणीकृत मोडकेंद्र. धोरणात ही किंमत त्या प्रकारच्या नव्या वाहनाच्या शोरूम किमतीच्या ४ ते ६ टक्के असावी असे म्हटले आहे, पण प्रत्यक्षात ती लोखंडाच्या वजनावर आणि त्या दिवशीच्या भावावर ठरते. गाडी जमा केल्यावर जमा प्रमाणपत्र मिळते आणि सवलती त्यालाच चिकटलेल्या असतात. नव्या वाहनाचे नोंदणी शुल्क माफ होते. मोटार वाहन करात केंद्राने खासगी वाहनांना २५ आणि व्यावसायिक वाहनांना १५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची मुभा राज्यांना दिली आहे. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये १५ टक्क्यांचा निर्णय घेतला. त्या आदेशातील वयाच्या आणि मुदतीच्या अटी आपल्या टेम्पोला लागू होतात का, हे आरटीओत विचारून मगच हिशेब मांडावा. उत्पादकांनी ५ टक्के सूट द्यावी असा सल्ला केंद्राने दिला होता, परंतु ऑगस्ट २०२४ मध्ये कंपन्यांनी जी सूट मान्य केली, ती साडेतीन टनांखालील मालवाहू वाहनांसाठी दीड टक्का होती आणि तीही मर्यादित काळासाठी.

नवा टेम्पो आठ लाखांचा धरला, तर मोडीचे ३२ ते ४८ हजार आणि दीड टक्क्याचे १२ हजार मिळून साठ हजारांपर्यंत मजल जाते. चालू स्थितीतील टेम्पोला बाजारात याहून बरी किंमत येते. हे धोरण बंद पडलेल्या गाडीच्या मालकाला परवडते, पण ज्याची गाडी रोज धूर सोडत पोट भरते त्याला परवडत नाही, आणि हवा तर या दुसऱ्या मालकाच्याच गाडीने बिघडते. लहान वाहतूकदाराला कमी व्याजाचे कर्ज मिळाल्याशिवाय हे चित्र पालटेल, असे वाटत नाही.

आपण दरवर्षीचे पासिंग चुकवू नये. ही तपासणी आता टप्प्याटप्प्याने स्वयंचलित केंद्रांकडे जात आहे. तेथे ब्रेक, दिवे, धूर यांच्या चाचण्या यंत्रे करतात, त्यामुळे ओळखीचा उपयोग कमी होतो. वाहन अनुत्तीर्ण ठरले तरी दुरुस्ती करून पुन्हा तपासणीला आणता येते. मुंबईतील टॅक्सींसारखी वीस वर्षांची ठाम वयोमर्यादा आपल्याला लागू नाही. त्या नियमाने २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदलेली शेवटची प्रीमियर पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर टॅक्सी म्हणून बाद झाली, मग ती चालण्यासारखी असो वा नसो.

दोन वर्षांपूर्वी दारावर आलेल्या भंगारवाल्याला जुनी स्कूटर पंधराशे रुपयांना दिली. आता माझ्या मोबाइलवर तिच्या नंबरची ई-चलाने येत आहेत. गाडी तर मोडली गेली असेल ना?
(एक गृहिणी, नाशिक)

मोडली गेलेली नाही, निदान सगळी नाही. चलानावरील छायाचित्र उघडून पाहा. स्कूटर आपलीच असेल, तर ती किरकोळ दुरुस्ती करून कोणीतरी चालवत आहे. छायाचित्रात वाहन वेगळेच दिसत असेल, तर आपली नंबरपाटी दुसऱ्या गाडीवर चढली आहे. दोन्ही स्थितींत वाहतूक पोलिसांकडे चलानाविरुद्ध तक्रार नोंदवावी, पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच जोडून आरटीओला कळवावे. हे काम लांबवू नये. कायद्याच्या दृष्टीने नोंदणी ज्याच्या नावावर तोच मालक असतो, आणि गाडी विकली असली तरी नोंद बदलली नसेल तर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच राहते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. त्यामुळे चलानांचा दंड ही यातली लहान बाब आहे.

वाहन नष्ट झाले किंवा कायमचे निकामी झाले, तर मालकाने चौदा दिवसांत अथवा शक्य तितक्या लवकर आरटीओला कळवावे, असे कायद्याच्या कलम ५५ मध्ये म्हटले आहे. हे कलम फारसे कोणी पाळत नाही. परिणामी कागदोपत्री जिवंत आणि प्रत्यक्षात बेपत्ता अशा गाड्यांची नोंद सरकारी दप्तरात साचत गेली आहे.

नोंदणीकृत केंद्राची खरी उपयुक्तता येथेच आहे. तेथे गाडी घेण्यापूर्वी ती चोरीची नाही ना आणि तिच्यावर कर्जाचा बोजा नाही ना, हे संगणकावर तपासले जाते. त्यानंतर इंधन, ऑइल, बॅटरी आणि मोटार असेल तर एसीमधला वायूही वेगळा काढला जातो. दारावरच्या भंगारात हेच ऑइल बहुधा गटारात जाते. शेवटी चेसिस नंबर कोरलेला पत्र्याचा तुकडा कापून सहा महिने जपून ठेवला जातो, म्हणजे तो नंबर दुसऱ्या गाडीवर चढवता येत नाही. गाडी कोणत्याही राज्यात नोंदलेली असली तरी देशातील कोणत्याही नोंदणीकृत केंद्रात देता येते. मिळणारी रक्कम भंगारवाल्यापेक्षा कमी असली, तरी जमा प्रमाणपत्र आणि मोड प्रमाणपत्र हे दोन्ही कागद हातात घेऊन नोंदणी रद्द झाल्याची खात्री सरकारच्या ‘वाहन’ या पोर्टलवर करावी.

आजोबांची १९६६ सालची जीप आम्ही मूळ रूपात जपली आहे. तीही द्यावी लागेल का?
(एक वाचक, कोल्हापूर)

नाही. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या आणि चेसिस, सांगाडा व इंजिन यांत मोठा बदल न झालेल्या खासगी दुचाकी-चारचाकींना २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदणी मिळते. पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात आणि नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे. मात्र अशी गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते. शेतावर जा-ये करण्यासाठी ती रोज वापरत असाल, तर व्हिंटेज नोंदणी घेऊ नये. इतर जुन्या गाड्यांप्रमाणे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करत राहावे.