मिशिगनकडून घरच्या मैदानावर हरलेला ओहायो स्टेट २०२४ चा विजेता कसा? हे न्याय्य आहे का?

तुम्ही विचारलंय की अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये दोन सामने हरलेला, स्वतःच्या बिग टेन कॉन्फरन्सच्या (म्हणजे विद्यापीठांच्या गटाच्या) अंतिम सामन्यातही न पोहोचलेला संघ राष्ट्रीय विजेता कसा होतो, आणि हे न्याय्य आहे का. माझ्या मते पूर्णपणे न्याय्य आहे. ३० नोव्हेंबरला मिशिगनकडून ते हरले नसते तर विजेतेपद मिळालंच नसतं, असंही मला वाटतं. मी मूळची कोल्हापूरची, काही वर्षांपासून ओहायो स्टेट विद्यापीठाच्या गावी, कोलंबसला राहते. हा अख्खा मोसम शेजारच्या आजोबांबरोबर त्यांच्या घरी बसून पाहिला. हा खेळ मला त्यांनीच शिकवला.

आधी नियमाचं सांगते. २०२३ पर्यंत प्लेऑफमध्ये, म्हणजे राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या बाद फेरीत, चारच संघ असत. २०२४ ला ते बारा झाले. निवड समितीच्या अखेरच्या यादीत ओहायो स्टेट सहावं होतं, म्हणजे जुन्या पद्धतीत त्यांची विजेतेपदाची संधी तिथेच संपली असती. नव्या पद्धतीत ते बारांत बसले.

पहिली हार १२ ऑक्टोबरला ऑरेगनमध्ये, ३२-३१. क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा, विल हॉवर्ड शेवटच्या क्षणी चेंडू घेऊन घसरत खाली बसला, तोवर घड्याळ संपलं होतं. त्याच सामन्यात पुढच्या फळीतला डावा टॅकल जॉश सिमन्स जखमी होऊन मोसमाबाहेर गेला. पुढे त्याच फळीच्या मधोमध खेळणारा सेंटर सेथ मॅक्लॉफलिनही गेला. क्वार्टरबॅकला वाचवणारी ही फळी अशी मोसमाच्या मध्यातच मोडली. त्याच फळीत गार्डच्या जागी खेळणाऱ्या डोनोव्हन जॅक्सनला डाव्या टॅकलला सरकवलं आणि त्याने ती जागा निभावली. या मोसमातलं हे काम फार थोड्यांच्या लक्षात राहिलंय, मला मात्र ते सगळ्यात मोलाचं वाटतं.

मग मिशिगन, ओहायो स्टेटचा कट्टर प्रतिस्पर्धी. त्या आठवड्यात विद्यापीठाच्या आवारातल्या पाट्यांवर दिसेल त्या ‘एम’ अक्षरावर लाल चिकटपट्टीची फुली मारलेली असते. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर तालमींचे फुटबॉल सामने पाहत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. मिशिगन त्या वर्षी सहा विजय, पाच पराभव असं चाचपडत आलं होतं, ओहायो स्टेट सुमारे २० गुणांनी जिंकेल असा सगळ्यांचा होरा होता. झालं १३-१०, मिशिगन. सलग चौथ्या वर्षी. उत्तरार्धात ओहायो स्टेटचा एकही गुण नाही, किक मारणाऱ्या जेडन फील्डिंगचे दोन फील्ड गोल (किकने मिळणारे तीन-तीन गुण) हुकले. जेरेमाया स्मिथसारखा झेल घेणारा बाहेरच्या बाजूला उभा असताना ते चेंडू बगलेत मारून पुन्हा पुन्हा मधूनच घुसत राहिले. आणि मिशिगनची खरी ताकद तिथेच, मधल्या भिंतीत होती.

सामना संपल्यावर मिशिगनच्या खेळाडूंनी मैदानाच्या मधोमध झेंडा रोवायला घेतला. हाणामारी झाली, पोलिसांनी मिरपुडीचा फवारा मारला. ओहायो स्टेटच्या जॅक सॉयरने तो झेंडा काठीवरून ओरबाडून काढला. तो इथल्याच, कोलंबसला लागून असलेल्या पिकरिंग्टनचा. आजोबांनी टीव्ही बंद केला आणि अंधार पडत असताना अंगणातली वाळकी पानं गोळा करत बसले. मी काही बोलले नाही.

पुढच्या तीन आठवड्यांत प्रशिक्षक रायन डे यांना हाकला म्हणून गावभर ओरड होती. त्यांनी मात्र मधूनच घुसायचा हट्ट सोडला. २१ डिसेंबरला, कडाक्याच्या थंडीत, प्लेऑफच्या पहिल्या सामन्यात टेनेसीविरुद्ध सुरुवातीपासूनच लांब पास. पहिल्याच क्वार्टरमध्ये २१-०, शेवटी ४२-१७. नववर्षाच्या दिवशी रोझ बोल या उपांत्यपूर्व सामन्यात पुन्हा ऑरेगन, तोवर अपराजित आणि पहिल्या मानांकनाचं. एका टप्प्यावर ओहायो स्टेट ३४-० पुढे होतं! स्मिथने एकट्याने १८७ यार्ड केले. ४१-२१. ऑक्टोबरचा हिशोब त्या दिवशी चुकता झाला.

उपांत्य सामन्यात टेक्ससविरुद्ध २१-१४ अशी आघाडी होती आणि टेक्सस गोलरेषेपासून अगदी एका यार्डावर येऊन उभं. एक चाल उलटी पडून ते मागे ढकलले गेले, आणि चौथ्या, म्हणजे शेवटच्या, प्रयत्नात सॉयरने टेक्ससचा क्वार्टरबॅक क्विन इव्हर्सच्या हातून चेंडू उडवला, स्वतःच उचलला आणि ८३ यार्ड पळाला. इव्हर्स पूर्वी ओहायो स्टेटमध्येच होता, सॉयरचा खोलीतला जोडीदार. झेंडा ओरबाडणारा मुलगा जीव खाऊन पळताना पाहिला आणि माझे डोळे भरून आले.

अंतिम सामना २० जानेवारी २०२५, अटलांटा, समोर नोत्र दाम. त्यांच्या पहिल्याच चढाईने पावणेदहा मिनिटं खाल्ली आणि टचडाउन (चेंडू गोलरेषेपार नेऊन सहा गुण) केला. नंतर ओहायो स्टेटचे सलग ३१ गुण. हॉवर्डचे पहिले १३ च्या १३ पास पोचले. तरी नोत्र दाम ३१-२३ पर्यंत चिकटून आलं. ओहायो स्टेटचा तिसरा प्रयत्न, अजून अकरा यार्ड जायचं होतं. नोव्हेंबरमधला संघ तिथे नक्की मधून घुसला असता. या वेळी चेंडू उंच गेला आणि स्मिथने तो घेतला, ५६ यार्ड.

म्हणून म्हणते, न्याय्य. टेनेसी, ऑरेगन, टेक्सस, नोत्र दाम अशा चौघांना एका महिन्यात हरवणाऱ्या संघाला आणखी काय सिद्ध करायचं राहतं?

२६ सेकंद उरले असताना ३३ यार्डांवरून किक मारायला फील्डिंगच आला. मिशिगनविरुद्ध दोनदा हुकलेला. आजोबांनी डोळे घट्ट मिटले होते. गलका झाला तरी उघडेनात. म्हणाले, “गेला का गं?”

मी म्हटलं, “गेला, आजोबा. मधोमध गेला.”