परदेशात शिकून माणूस आपल्या मुळापासून तुटतो का?

तुम्ही विचारलंय, बाहेर शिकायला गेल्यावर आयुष्याकडे बघण्याची नजर खरंच बदलते का, आणि मुलगी आपल्या माणसांपासून तुटेल ही घरच्यांची भीती खरी आहे का. माझ्यापुरतं सांगते. नजर बदलली, आणि सगळ्यात जास्त बदलली ती गावाकडे बघण्याची.

मी कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली. दहावीपर्यंत मराठी शाळा, मग बेळगावात इंजिनिअरिंग, आणि मास्टर्सला जर्मनीतलं आखेन. आमच्याकडे सीमाप्रश्न घराघरात असतो. १ नोव्हेंबरचा काळा दिवस, दुकानांच्या पाट्यांवरून होणारे वाद, जमिनीचा उतारा कन्नडमध्ये आला की वाचून द्यायला कुणाला तरी गाठायचं. १९५६ साली माझी आजी गावातच राहिली आणि मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेली. असं जगात दुसऱ्या कुणाचं झालं असेल, हे आमच्या घरात कुणी कधी बोललं नव्हतं.

आखेन जर्मनी, बेल्जियम आणि नेदरलँड्स यांच्या सीमेवरचं शहर. तिथली सिटी बस फाल्स या डच गावात जाते आणि हद्द ओलांडल्याचं कुणाच्या लक्षातही येत नाही. माझ्या वर्गात ऑयपनची एक मुलगी होती. ऑयपन बेल्जियममध्ये, पण तिथली भाषा जर्मन. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने तो पट्टा १९२० मध्ये बेल्जियमकडे गेला. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने तो परत घेतला आणि युद्ध संपल्यावर पुन्हा बेल्जियम. तिच्या पणजोबांचं घर एकच, देश मात्र बदलत गेला.

मी एकदा तिच्या घरी गेले तेव्हा डोळे भरून बघत होते. शाळा जर्मनमध्ये, कोर्ट जर्मनमध्ये, सरकारी कागद जर्मनमध्ये, आणि फ्रेंचही मुलांना लहानपणापासून शिकवतात. फक्त नऊ नगरपालिकांच्या त्या समाजाला ऑयपनमध्ये स्वतःची संसद आहे, शिक्षण आणि संस्कृतीचे निर्णय तिथे होतात. लोकसंख्या आपल्या खानापूर तालुक्याच्या निम्मीही नाही! मी तिला विचारलं, तुम्हाला जर्मनीत परत जावंसं वाटत नाही का? ती म्हणाली, कशासाठी? सगळं माझ्या भाषेत मिळतंय की.

हे त्यांना फुकट मिळालं नाही. त्यांची पहिली स्वतंत्र परिषद १९७३ मध्ये बसली, म्हणजे सीमा बदलून पन्नास वर्षं उलटल्यावर. आमच्यावर अन्याय झाला हे माझं मत आजही कायम आहे आणि महाराष्ट्राने २००४ मध्ये सुप्रीम कोर्टात घातलेल्या दाव्याकडे आमचं लक्ष आहेच. पण निकाल काहीही लागो, आज शाळेत जाणाऱ्या पोराला मराठी शिक्षक आजच हवा. भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय राज्यांनी करावी, असं घटनेच्या ३५०अ कलमात लिहिलेलं आहे. हे कलम मी आखेनच्या लायब्ररीत बसून पहिल्यांदा नीट वाचलं. आता गावी गेले की गप्पांमध्ये मी हाच मुद्दा धरते.

दुसरा बदल कन्नडबद्दलचा. माझी रूममेट हुबळीची. तिच्या घरून शेंगाचटणी यायची, माझ्या घरून कुंदा. युगादी आणि गुढीपाडवा एकाच दिवशी, एकाच स्वयंपाकघरात. मैत्रीने सीमाप्रश्न सुटतो असं मी अजिबात म्हणणार नाही, हक्क हे कायद्यानेच मिळायला हवेत. पण जर्मन शिकताना भाषेची भीती गेली, आणि तिच्याकडून मी कन्नड बोलायला शिकले. आता आजीचा उतारा मीच वाचून देते.

पैशाचं भान येतं, हे तर सगळेच सांगतील. जर्मनीच्या व्हिसासाठी लागणाऱ्या ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो आधी भरायचे आणि महिन्याला ९९२ हातात येतात. बाबांनी काढलेलं कर्ज डोळ्यासमोर असलं की हिशोब आपोआप जमतो.

घरच्यांना सांगा, मुलगी तुटत नाही, प्रश्न जास्त विचारायला लागते. त्याची त्यांनी तयारी ठेवावी. जर्मनीचं ठरलं तर भाषा इथे असतानाच सुरू करा, एपीएस प्रमाणपत्राला (आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासून मिळणारं प्रमाणपत्र) वेळ लागतो म्हणून अर्ज लवकर टाका. आणि राहायला जागा बघताना फक्त मराठी मुलांचाच फ्लॅट शोधू नका.