झिरो सरकला की शोध कुठून सुरू करायचा?

रायफल जुळवणं, दुरुस्त करणं हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे या महिन्याची पत्रं वाचताना हातातला पाना खाली ठेवावासा वाटला नाही. झिरो म्हणजे नेम धरला तिथंच गोळी लागेल अशी स्कोपची, म्हणजे रायफलवरच्या नेमाच्या दुर्बिणीची, जुळवणी. उत्तरांआधी एक गोष्ट सांगते. खाली लिहिलेलं कोणतंही काम करण्याआधी मॅगझीन काढा, बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता दांडा) मागे घ्या आणि चेंबर, म्हणजे काडतूस बसायची जागा, रिकामं आहे हे डोळ्यांनी बघा, शिवाय बोट लावूनही तपासा. काडतुसं त्या टेबलावर नकोतच.

प्रश्न : माझी .२२ रायफल ५० मीटरवर छान झिरो केली होती. आठवडाभरानं रेंजवर गेलो तर सगळे शॉट डावीकडे तीन सेंटीमीटर. मित्र म्हणतो, स्कोप गेला, नवा घे. घेऊ का?

इतक्यात नको. आधी सांगा, ग्रुप (निशाण्यावरचा शॉटांचा पुंजका) पसरला की ग्रुप तेवढाच राहून नुसता सरकला? तुमच्या पत्रावरून तो सरकलेला दिसतो. पसरलेल्या ग्रुपचं कारण बहुतेक वेळा गोळी, नळी किंवा नेमबाज यांत सापडतं. घट्ट ग्रुप जागचा हलला असेल, तर जोडणीत काहीतरी हललं आहे किंवा कुणीतरी काही फिरवलं आहे.

म्हणून पहिल्यांदा टरेटवरचा, म्हणजे नेम सरकवायला स्कोपवर असलेल्या फिरकीवरचा, आकडा बघा. ती टप्प्याटप्प्यानं फिरते, एक टप्पा म्हणजे एक क्लिक. पाव मिनिटाच्या (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) स्कोपचा एक क्लिक ५० मीटरवर साधारण ३.६ मिलिमीटर सरकतो. तुमचे तीन सेंटीमीटर म्हणजे आठ क्लिक. केसमध्ये ठेवता-काढताना उघडं टरेट एवढं फिरणं अगदी शक्य आहे. झिरो झाल्यावर टरेटवरचा आकडा वहीत लिहून ठेवायची सवय लावा, म्हणजे हा संशय मिनिटात मिटतो.

आकडा जागेवर असेल तर काडतुसांचा लॉट (कारखान्यातली खेप) बदलला का ते आठवा. .२२ मध्ये त्याच नावाच्या डब्याचा लॉट बदलला तरी ग्रुपची जागा बदलू शकते. तेही नसेल तर स्क्रूंकडे या, आणि खालून वर या. लोक स्कोप धरणाऱ्या रिंगांचे स्क्रू आवळतात, कारण ते दिसतात. ढिला असतो तो बहुधा बेस, म्हणजे रिंगा ज्यावर बसतात तो रायफलवरचा तुकडा, स्कोप काढल्याशिवाय न दिसणारा. बेसचे स्क्रू काढा, छिद्रांतलं तेल पुसा, स्क्रू परत बसवा. त्यानंतर रिंगा, आणि शेवटी ॲक्शन (बोल्ट असलेला धातूचा भाग) स्टॉकला, म्हणजे दस्त्याला, धरणारे दोन मोठे स्क्रू.

किती आवळायचं हे मनगटावर सोडू नका, टॉर्क स्क्रूड्रायव्हर, म्हणजे ठरवलेल्या जोरालाच आवळणारा, वापरा. रिंगांच्या वरच्या टोप्यांसाठी बरेच उत्पादक १५ ते १८ इंच-पाउंड, म्हणजे पावणेदोन ते दोन न्यूटन-मीटर सांगतात. तुमच्या रिंगांसोबत आलेल्या कागदावरचा आकडा मात्र सगळ्यांत वर. चारही स्क्रू आलटून-पालटून, थोडे थोडे आवळा आणि दोन्ही बाजूंची फट सारखी ठेवा. तेल लागलेला स्क्रू त्याच टॉर्कला जास्त दाबतो, हे ध्यानात असू द्या. जास्त आवळलेल्या रिंगेत स्कोपची नळी चेपते, आतली हलती नळी अडखळते आणि मग क्लिक देऊनही नेम हलत नाही. काम झाल्यावर रिंग आणि स्कोप यांच्या सांध्यावर पेन्सिलची बारीक रेघ मारा. रेघ तुटली की स्कोप घसरला, हे लगेच कळेल.

एवढं करूनही झिरो सरकला, तर खात्रीचा दुसरा स्कोप लावून बघा. तोवर खिशात हात घालू नका. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशानं दुरुस्त झालं ते तुम्हालाच कळणार नाही.

प्रश्न : निशाण्यावर नेम धरून डोकं जरा हललं की क्रॉसहेअर (स्कोपमधली नेमाची फुली) निशाण्यावरून सरकते. भिंग सैल झालं का?

भिंग ठीक आहे. हे पॅरलॅक्स. निशाण्याची प्रतिमा आणि क्रॉसहेअर स्कोपच्या आत एकाच पातळीवर नसली, की डोळा हलल्यावर ती एकमेकींवरून सरकतात. बऱ्याच साध्या स्कोपमध्ये हे अंतर कारखान्यातच १०० यार्डांना, म्हणजे सुमारे ९१ मीटरला पक्कं केलेलं असतं. तो स्कोप ५० मीटरवर वापरला आणि पुढचं भिंग ४० मिलिमीटरचं असलं, तर डोळा अगदी कडेला गेल्यावर नेम ९ मिलिमीटरपर्यंत चुकतो. आंतरराष्ट्रीय ५० मीटर निशाण्यावरचा दहाचा गोल जेमतेम १०.४ मिलिमीटरचा आहे. मग हे दुर्लक्ष करण्यासारखं कसं म्हणायचं?

तुमच्या स्कोपला बाजूला किंवा पुढच्या भिंगापाशी फिरवायची कडी असेल, तर आधी डोळ्याजवळचं भिंग नीट करा. स्कोप पांढऱ्या भिंतीकडे धरा (सूर्याकडे कधीही नाही), क्षणभर बघा आणि नजर काढा. क्रॉसहेअर पहिल्याच क्षणी काळीभोर, रेखीव दिसायला हवी. टक लावून बघत राहिलात तर डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि फसवतो. मग रायफल पोत्यांवर स्थिर ठेवा, तिला हात न लावता डोकं वर-खाली, डावी-उजवीकडे न्या आणि सरकणं थांबेपर्यंत कडी फिरवा. कडीवर छापलेल्या आकड्यावर माझा फारसा विश्वास नाही. सरकणं जिथं थांबलं तिथं स्वतःची खूण करा.

कडी नसेल तर गाल प्रत्येक वेळी स्टॉकवर त्याच जागी टेकवा. त्यासाठी गालाचा आधार उंच करावा लागला तर जरूर करा. मान ताणून नेम धरणाऱ्या माणसाचा डोळा दर शॉटला वेगळीकडे असतो.

प्रश्न : ५० मीटरला शॉट मधोमध लागतात. १०० मीटरसाठी क्लिक वर दिले की उजवीकडे जातात. वारा नव्हता.

क्रॉसहेअर कललेली आहे. ५० ला झिरो केलेली .२२ ची सबसॉनिक (आवाजापेक्षा कमी वेगाची) गोळी १०० मीटरवर वीसेक सेंटीमीटर खाली येते. तेवढं वर न्यायला क्लिक देता, आणि क्रॉसहेअर ५ अंश कलती असेल तर नेम त्या तिरप्या रेषेवरून चढतो. शॉट पावणेदोन सेंटीमीटर बाजूला. रायफल लेव्हलवर सपाट धरून ठेवा, समोर ओळंबा टांगा, रिंगा किंचित सैल करून उभी रेघ दोरीशी जुळवा, मग आवळा. आवळताना स्कोप फिरतो, म्हणून शेवटी पुन्हा बघा.

प्रश्न : .२२ वरचा चांगला स्कोप स्प्रिंगच्या एअर रायफलवर लावला आणि काही दिवसांत क्रॉसहेअर तुटली. एवढ्याशा बंदुकीनं?

हो, तिनंच. स्प्रिंगवाल्या एअर रायफलला दोन धक्के असतात. पिस्टन पुढे सुटताना रायफल मागे येते, आणि पिस्टन थांबला की ती पुढे झटका खाते. साधा स्कोप मागच्या धक्क्यासाठी बांधलेला असतो. एअर रायफलसाठी म्हणून बनवलेला स्कोप घ्या आणि मागे सरकू न देणारी पिन असलेला माउंट (स्कोप बसवायचा आधार) घ्या. तिच्या कॉम्प्रेशन चेंबरमध्ये, म्हणजे पिस्टन हवा दाबतो त्या जागेत, खनिज तेल टाकू नका. दाबानं ते पेटतं.

प्रश्न : मुलगी .२२ वर सराव करते. एक प्रशिक्षक रोज नळी साफ करा म्हणतात, दुसरे म्हणतात हातच लावू नका. आई म्हणून मी कुणाचं ऐकू?

लेकीच्या ग्रुपचं ऐका. .२२ ची गोळी शिशाची, वरून मेणासारखं वंगण. त्याचा पातळ थर नळीत बसला की शॉट एकसारखे जातात, म्हणून साफ केल्यावर पहिले काही शॉट भरकटतात आणि मग ग्रुप जमतो. उलट, चेंबरच्या लगेच पुढे जळका, कडक थर साचत जातो. नेमबाज तीच, काडतुसं तीच आणि तरी ग्रुप सावकाश उघडू लागला, की साफसफाईची वेळ झाली.

पद्धत मात्र जपा. अखंड, आवरण असलेला रॉड घ्या, बोल्टच्या जागी गाइड (रॉड मधोमध ठेवणारी नळी) लावा आणि मागून पुढे ढकला. नळीचं पुढचं टोक हा सगळ्यांत नाजूक भाग. गोळी शेवटी तिथूनच सुटते आणि रॉड तिथं घासला की तो ओरखडा प्रत्येक शॉटमध्ये दिसतो. सॉल्व्हंटचा (मळ सोडवणाऱ्या द्रवाचा) ओला पॅच, म्हणजे कापडाचा तुकडा, थोडा वेळ थांबा, मग कोरडे पॅच स्वच्छ निघेपर्यंत. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी साफ केलीत, तर तिला रेंजवर सरावाचे शॉट मिळणार आहेत का ते आधी विचारून घ्या.