जुनी कन्सर्टिना परदेशी पाठवायची आहे, केस कोणती घ्यावी?

तुम्ही विचारलंय की आजोबांची १९३०च्या सुमाराची, ४८ बटणांची व्हीटस्टन कंपनीची कन्सर्टिना (दोन्ही हातांत धरून वाजवायचं, मध्ये भाता आणि दोन्ही टोकांना बटणं असलेलं छोटं वाद्य) पुण्याहून इंग्लंडला दुरुस्तीला पाठवायची आहे. तिची मूळ षटकोनी चामडी पेटी अजून धड आहे, तर त्याच पेटीत पाठवावी की नवी हार्ड केस घ्यावी? नवी घ्या. चामडी पेटी घरी कपाटात ठेवा. ती वाद्याइतकीच जपण्यासारखी आहे, पण कुरिअरच्या गोदामातली आदळआपट सोसायला ती बनवलेली नाही.

मी हार्मोनियमची दुरुस्ती करतो, आणि कॅम्पातल्या जुन्या घरांतून कधीमधी कन्सर्टिनाही माझ्याकडे येते. हार्मोनियमचे सूर, म्हणजे हवेने थरथरून वाजणाऱ्या धातूच्या पट्ट्या (रीड), स्क्रूने पक्के आवळलेले असतात. कन्सर्टिनात तसं नाही. प्रत्येक रीडची छोटी पितळी चौकट लाकडात कोरलेल्या तिरप्या खाचेत नुसती सरकवलेली असते. गोंद नाही, खिळा नाही, सगळी भिस्त लाकडाच्या पकडीवर. एका बटणाला दोन, म्हणजे ४८ बटणांच्या वाद्यात अशा ९६ चौकटी. आपल्याकडच्या कोरड्या एप्रिल-मेमध्ये लाकूड आक्रसतं, पकड सैल होते, आणि एकदा जोरात आपटलं की दोन-चार चौकटी निसटून आतल्या आत फिरायला लागतात. बाहेर ओरखडाही दिसत नाही. म्हणून केस निवडताना ती किती दणकट आहे याच्या आधी बघायचं की आत वाद्य किती घट्ट बसतं.

तीन मापं घ्या: षटकोनाच्या समोरासमोरच्या दोन बाजूंमधलं अंतर (बहुतेक सव्वासहा इंचांच्या आसपास भरेल), समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांमधलं अंतर, आणि भाता पूर्ण मिटवून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची लांबी, बटणं आणि बोटांच्या पट्ट्या धरून. फोम भरायला केस आतून प्रत्येक बाजूला किमान दीड-दोन इंच मोठी हवी. कॅमेऱ्याच्या दुकानात लेन्ससाठी मिळणारी, रबरी कडेची प्लास्टिकची हार्ड केस या कामाला उत्तम. झाकण नीट बसतं का हे पाहायला वर्तमानपत्राची पट्टी झाकणात धरून केस बंद करा आणि पट्टी ओढा. चारही बाजूंना ती अडकली पाहिजे.

वाद्य आत ठेवायचं ते वाजवताना असतं तसं, म्हणजे एक टोक डावीकडे, एक उजवीकडे. जुन्या षटकोनी पेट्यांत ते एका टोकावर उभं राहतं. तसं फार दिवस राहिलं की खालच्या बाजूच्या चामड्याच्या बारीक झडपा रीडपासून सुटून लोंबतात आणि त्यांना बाक येतो. भाता मात्र मिटलेलाच राहायला हवा. दोन्ही टोकांना पितळाचं वजन आहे. मध्ये जागा राहिली तर प्रत्येक धक्क्याला ती टोकं भात्याच्या घड्यांना ओढणार.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. भाता मिटलेला राहावा म्हणून लोक दोन्ही टोकांना सपाट फोम ठासतात, आणि तो फोम बटणं दाबून धरतो. पार्सल पोचेपर्यंत आतली भोकं झाकणारी सगळी पॅड उचललेली, सगळ्या स्प्रिंगा ताणलेल्या. त्यासाठी बटणं, अंगठ्याचे पट्टे आणि बोटांच्या पट्ट्या जिथे येतात तिथे फोम खोलगट कापून घ्या. दाब फक्त कडेच्या लाकडी चौकटीवर आला पाहिजे. कापल्यावर वाद्य ठेवून झाकण लावा, परत उघडा आणि एकही बटण खाली गेलेलं नाही ना ते बघा.

फोम गादीचा नको, तो वजनाखाली चपटा होतो आणि जुना झाला की चिकट भुगा सोडतो. बोहरी आळीत पॅकिंगचा पांढरा ईपीई फोम मागा. वाद्याभोवती आधी धुतलेलं मऊ सुती कापड गुंडाळा. बबल रॅप थेट पॉलिशला लावू नका, त्याचे गोल डाग उमटतात. सिलिका जेलच्या दोन लहान पुड्या पुरेत. डांबराच्या गोळ्या अजिबात नकोत. आणि घाई नसेल तर पावसाळा जाऊ द्या, दसऱ्यानंतर पाठवा. रीड पोलादी असतील तर गंजाची भीती खरी आहे.

ही केस तशीच कुरिअरला द्यायची नाही. बाहेर जाड खोका, आणि केस व खोका यांच्यामध्ये सगळीकडून दोन इंच भरण. सुताराकडून लाकडी खोका करून घेणार असाल तर प्लायवूडचाच सांगा. साध्या जाड लाकडाचं पॅकिंग परदेशी जाताना उष्णतेची प्रक्रिया केल्याचा शिक्का मागतात, प्लायवूडला तो लागत नाही.

केसवर पैसे घालण्याआधी मात्र एक काम करा. शंभर वर्षांहून जुनी कारागिरीची वस्तू १९७२च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि कस्टमवाले वय विचारू शकतात. तुमच्या वाद्यावर अनुक्रमांक असेल. व्हीटस्टन कंपनीच्या जुन्या वह्या लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयाकडे आहेत आणि ऑनलाइन पाहता येतात. त्यांत क्रमांकावरून साल सापडू शकतं. १९३०च्या आसपासचं निघालं तर त्या नोंदीची प्रत जोडून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे ही वस्तू पुरावशेष नसल्याचा दाखला मागा. बटणं हस्तिदंती असतील तर बाहेर पाठवायचा विचार सोडाच, हाडाची किंवा धातूची असतील तर ती अडचण नाही.

शेवटी केस बंद करून कानाशी धरून हलवा. खुट्ट जरी वाजलं तरी उघडून फोम परत बसवा. तुमची मापं इथे लिहिलीत तर आतून किती लांबी-रुंदी-खोलीची केस लागेल ते सांगतो.