केंद्रात आणि राज्यात एकाच पक्षाचं सरकार असलं की त्या राज्यात परकीय गुंतवणूक जास्त येते का?

थोडा फरक पडतो, पण प्रचारसभेत सांगतात तेवढा नाही. परकीय गुंतवणुकीचे नियम दिल्ली ठरवते; जमीन, पाणी, वीज राज्याच्या हातात. सरकारं एकाच रंगाची असली की फायली लवकर हलतात, एवढंच.

आमच्या गोव्यातल्या फोंडा तालुक्यातलं केरीचं भूतखांब पठार बघा. १९९५ साली ड्यूपाँट या अमेरिकन कंपनीच्या नायलॉन प्रकल्पाविरुद्धच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण गेला, आणि प्रकल्पानेही गाशा गुंडाळला. पुढे त्याच पठारावर सेझ, म्हणजे उद्योगांना खास सवलती देणारं विशेष आर्थिक क्षेत्र, आलं. तेव्हा केंद्रात आणि गोव्यात दोन्हीकडे काँग्रेसच्या नेतृत्वाखालची सरकारं. तरी २००७ च्या शेवटच्या दिवशी मुख्यमंत्री दिगंबर कामतांना राज्यातली सेझ रद्द करत असल्याचं जाहीर करावं लागलं. लोकांचा रेटाच तसा होता. चाळीस आमदारांच्या विधानसभेत मतदारसंघ इवलेसे. पाचशे मतं फिरली की माणूस घरी. दिल्लीतला हायकमांड तिथे काय करणार?

दुसरं उदाहरण २०२२ चं. वेदांता आणि तैवानची फॉक्सकॉन यांचा सेमीकंडक्टर (चिप) प्रकल्प महाराष्ट्राऐवजी गुजरातेत गेला, तेव्हा केंद्राबरोबरच या दोन्ही राज्यांतही भाजप सत्तेत होता. आरोप-प्रत्यारोप भरपूर झाले. २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्या भागीदारीतूनच बाहेर पडली.